वाचकांचे प्रश्न : अकरावीच्या इंग्लिशमधला गॅट्सबी

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये पाच पत्रं एकाच पुस्तकाबद्दल आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. अमेरिकन हायस्कूलमध्ये अकरावीला म्हणजे ज्युनियर इयरला बहुतेक ठिकाणी अमेरिकन साहित्य असतं आणि त्यात एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ हमखास येते. गोष्ट थोडक्यात अशी : नव्याने श्रीमंत झालेला गॅट्सबी जुन्या प्रेयसीला, डेझीला, परत मिळवायला खाडीपलीकडे तिच्या घरासमोर घर घेतो, मोठमोठ्या पार्ट्या देतो आणि तिच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहतो; डेझीचं लग्न मात्र श्रीमंत टॉमशी झालेलं असतं, आणि हे सगळं सांगतो गॅट्सबीचा शेजारी निक. मुलं वाचतात, आईवडील वैतागतात आणि मग मला लिहितात.

प्रश्न : ताई, माझा मुलगा न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये अकरावीला आहे. त्याने गॅट्सबीवर निबंध लिहिला, ‘हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन ड्रीम’ असा विषय घेऊन. पाच परिच्छेद, कोटेशन्स, पानांचे नंबर, सगळं रुब्रिकप्रमाणे म्हणजे टीचरने दिलेल्या निकषांप्रमाणे, स्पेलिंगची एकही चूक नाही. तरी बी मायनस, आणि समासात टीचरने फक्त ‘सो व्हॉट?’ एवढंच लिहिलंय. मुलगा म्हणतो टीचरला मी आवडतच नाही. मी स्वतः निबंध वाचला, मला काहीच चुकीचं दिसलं नाही. यांना नक्की हवं तरी काय असतं? — एक आई, एडिसन

उत्तर : चुकीचं काहीच नाहीये, आणि घोळ तिथेच आहे. हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन ड्रीम हे वाक्य त्या टीचरने त्या आठवड्यात निम्म्या वर्गाच्या पेपरात वाचलं असणार, कारण ते स्पार्कनोट्स, क्लिफ्सनोट्स अशा तयार सारांशांच्या साइट्सवर आहे, आणि चॅटजीपीटीला विचारलं तर तेही पहिल्यांदा हेच सांगतं. मुळात तो दिवा अख्ख्या पुस्तकात येऊन जाऊन तीन ठिकाणी येतो, पहिल्या प्रकरणाच्या शेवटी, मग पाचव्यात आणि मग एकदम शेवटच्या पानावर, पण मुलांचे निबंध वाचले तर वाटावं की कादंबरी डेझीच्या घरच्या धक्क्यावरच घडते.

‘सो व्हॉट’ हा टोमणा नाहीये हो. टीचर विचारतेय की बरं, मान्य, मग पुढे काय? थीसिस स्टेटमेंट म्हणजे असं विधान की ज्याला समोरचा शहाणा माणूस ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल आणि मग तुम्ही पुस्तकातल्या ओळी दाखवून त्याच्याशी भांडाल. दिव्याच्या वाक्याला कोण कशाला नाही म्हणेल? आपल्यापैकी बरेचजण बरोबर उत्तर नीट अक्षरात लिहायचं आणि मार्क घ्यायचे अशा परीक्षा देऊन आलोत, त्यामुळे इथे निबंधाला मार्क नेमके कशाचे हे पटकन लक्षात येत नाही. इथे उत्तर कुणाचं आहे ते बघतात, आणि ते पुस्तकातून सिद्ध करता आलं का ते बघतात.

माझा सल्ला सांगते, त्याला म्हणावं दिवा सोड आणि गॅट्सबीच्या स्वयंपाकघरात जा. तिसरं प्रकरण उघडा. सगळ्यांना त्यातली पार्टी आठवते, ऑर्केस्ट्रा, निळी बाग, शॅम्पेन. पण पार्टीत शिरायच्या आधी फिट्झजेराल्ड काय दाखवतो? दर सोमवारी आठ नोकर, त्यात एक जादाचा माळी, मॉप आणि ब्रश आणि हातोड्या घेऊन आदल्या रात्रीची नासधूस दुरुस्त करत दिवसभर राबतायत. दर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या फळवाल्याकडून संत्र्यालिंबांच्या पाच पेट्या येतात आणि सोमवारी त्याच संत्र्यांच्या पिळलेल्या अर्धुकांचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो. आणि एक मशीन आहे, अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस काढणारं, फक्त एक छोटं बटण दोनशे वेळा दाबावं लागतं, बटलरच्या अंगठ्याने. तो अंगठा बघितला की मला दर वेळी वाटतं हा लेखक उगीच मोठा नाही. म्हणजे आपण पाहुण्यांच्या हातात ग्लास दिसायच्या आधी सोमवारचा कचरा बघितलेला असतो. असं का केलं असेल त्याने? हा झाला प्रश्न, आणि याचं उत्तर दहा मुलं दहा प्रकारांनी देतील आणि दहाही निबंध वाचायला मजा येईल.

तसंच पैशाचं. पुस्तकभर आकडे पेरलेत आणि मुलं त्यावरून सरळ पुढे जातात. निक कॅरावे, म्हणजे गोष्ट सांगणारा, त्याच्या मोडकळीला आलेल्या बंगलीचं भाडं महिन्याला ८० डॉलर्स. टॉम लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला मोत्यांची माळ देतो ती साडेतीन लाख डॉलर्सची. भागाकार करायला सांगा त्याला, निकच्या घराचं ३६४ वर्षांचं भाडं होतं! गॅट्सबी एकदा बोलता बोलता सांगतो की हे घर घ्यायचे पैसे मिळवायला मला तीन वर्षं लागली, निक म्हणतो अरे पण तू तर म्हणालास वडिलोपार्जित आहेत, मग गॅट्सबी काहीतरी सारवासारव करतो आणि निक पुढे फारसं खोदत नाही. का नाही खोदत? आणि हाच निक तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी मी किती प्रामाणिक आहे हे सांगत असतो, अगदी त्याच पानावर तो गावाकडच्या एका मुलीला दर आठवड्याला ‘लव्ह, निक’ अशी सही करून पत्रं पाठवतोय आणि इकडे डेझीच्या मैत्रिणीबरोबर, जॉर्डनबरोबर फिरतोय. अशा माणसाने सांगितलेली गॅट्सबीची गोष्ट आपण किती खरी धरायची, यावर तर अख्खा पेपर होईल.

तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून अजून एक. पुस्तकात शहरात जायच्या वाटेवर राखेचा ओसाड पट्टा लागतो, ती राखेची दरी काल्पनिक नाहीये, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये कोरोना नावाच्या भागात खरोखरच राखेचे डोंगर होते, ते सपाट करून तिथे १९३९ चा वर्ल्ड्स फेअर भरवला आणि आज तिथे फ्लशिंग मेडोज पार्क आहे, यूएस ओपन टेनिस होतं ते. एखाद्या शनिवारी मुलाला घेऊन मॅनहॅटनहून लाँग आयलंड रेलरोडच्या पोर्ट वॉशिंग्टन लाइनने ग्रेट नेकपर्यंत जा. लेखक १९२२ पासून १९२४ पर्यंत तिथे राहिला, गॅट्सबी आणि निक राहतात ते पुस्तकातलं वेस्ट एग हेच, आणि राखेची जागा वाटेतच लागते. निकची गाडी तिथूनच जाते.

आणि टीचरला ईमेल तुम्ही करू नका, प्लीज. मुलाने स्वतः शाळा सुटल्यावर जाऊन विचारावं की हा पेपर रिवाइज करून परत देता येईल का. बरेच टीचर देतात. एक पान घेऊन जावं, त्यावर नवीन थीसिसचं एकच वाक्य. तेवढं पुरतं.

प्रश्न : नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये असतो. मुलीच्या इंग्लिशच्या अभ्यासाला गॅट्सबी आहे म्हणून मी नेटवर कथा वाचली. लग्न झालेल्या माणसांची लफडी, बेकायदा दारू, अॅक्सिडेंट, खून, आत्महत्या. सोळा वर्षांच्या मुलांना हे क्लासिक म्हणून कशासाठी शिकवतात? दुसरं पुस्तक मागता येतं का? आणि हे पुस्तक कोण ठरवतं? — एक बाबा, प्लेनो

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण ते सोपं आहे. अमेरिकेत देशभर एकच पाठ्यपुस्तक असा प्रकार नाही. राज्य स्टँडर्ड्स ठरवतं, म्हणजे मुलाला काय करता आलं पाहिजे ते, आणि पुस्तकं साधारण स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था, आणि शाळेचं इंग्लिश डिपार्टमेंट निवडतं, स्कूल बोर्डाच्या नजरेखाली. बऱ्याच राज्यांनी घेतलेल्या कॉमन कोअर नावाच्या सामायिक स्टँडर्ड्सच्या नमुना यादीत अकरावीसाठी गॅट्सबी आहे, टेक्सासने कॉमन कोअर घेतलंच नाही, तरी पुस्तक तिथेही पोचलंच. दुसरं पुस्तक मागता येतं का, तर बहुतेक डिस्ट्रिक्ट्समध्ये येतं, टीचरला लेखी कळवायचं, पर्यायी पुस्तक आणि त्यावरचं काम मिळतं. फक्त एक लक्षात घ्या, मग चर्चेच्या वेळी मुलगी लायब्ररीत एकटी बसते, आणि या विषयात निम्मी मजा आणि बऱ्यापैकी मार्क चर्चेतच असतात.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही कथा वाचलीत, पुस्तक नाही. रागावू नका, पण सारांशात फक्त लफडीच उरतात, महाभारताचासुद्धा सारांश काढून बघा. पुस्तक १८० पानांच्या आसपास आहे, नऊ प्रकरणं, दोन वीकेंडमध्ये होतं. यात कुणाची लफडी सुखाची दाखवलेली नाहीत आणि अश्लील म्हणावं असं वर्णन तर मला आठवतच नाही. उलट एवढं सगळं करून टॉम आणि डेझी पैशाच्या आड जाऊन सुरक्षित बसतात आणि मरतात ते तिघं गरीब घरात जन्मलेले, टॉमची प्रेयसी मर्टल, तिचा गॅरेजवाला नवरा आणि खुद्द गॅट्सबी, हे सोळाव्या वर्षी कळलं तर बिघडलं कुठे?

दारूचंही सांगते. गोष्ट १९२२ च्या उन्हाळ्यातली. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत घटनादुरुस्ती करून दारूबंदी होती. पण औषध म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू मिळायची, त्यामुळे औषधाच्या दुकानाला फारच महत्त्व आलं होतं. म्हणूनच टॉम सगळ्यांसमोर गॅट्सबीचं बिंग फोडतो ते हेच की याने आणि याच्या वुल्फशाईम नावाच्या जुगारी साथीदाराने गल्लीबोळातली ड्रगस्टोअर्स विकत घेतली आणि काउंटरवरून दारू विकली. मुलीच्या हिस्टरीच्या वर्गात हे दोन ओळींत येतं, इथे कळतं की कायदा कुणासाठी होता, कारण गॅट्सबीला गुन्हेगार म्हणणारा टॉम स्वतः त्याच उन्हाळ्यात व्हिस्कीची बाटली घेऊन हिंडतोय.

आणि ही काही कुणी अनादिकाळापासून पूजत आलेली पोथी नाही. पुस्तक एप्रिल १९२५ मध्ये आलं, पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची, दुसरी तीन हजारांची, आणि लेखक डिसेंबर १९४० मध्ये हॉलिवूडला हार्ट अटॅकने वयाच्या ४४ व्या वर्षी गेला तेव्हाही त्या दुसऱ्या आवृत्तीतल्या प्रती गोडाऊनमध्ये पडून होत्या. मग दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना फुकट वाटायला खिशात मावणारी पुस्तकं छापली गेली, त्यात याच्या लाखाहून जास्त प्रती गेल्या, टीकाकारांनीही नव्याने लिहायला घेतलं, आणि त्यानंतर हे शाळा कॉलेजात शिरलं. लहान आहे, वाक्यं सुंदर आहेत, एका टर्ममध्ये बसतं. टीचर लोकांसाठी शेवटचं कारण काही कमी महत्त्वाचं नसतं, हे आतली बाई म्हणून सांगते.

शाळेतल्या पुस्तकांवरून भांडणं इथे चालूच असतात. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ला मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्डच्या लायब्ररीने १८८५ मध्ये म्हणजे ते अमेरिकेत आलं त्याच वर्षी गावंढळ म्हणून बाहेर काढलं होतं, आणि आज त्याच पुस्तकावर वाद होतो तो त्यातल्या वंशवादी शिवीवरून. तुम्ही हरकत घ्यायची तर जरूर घ्या, तुमचा हक्क आहे, पण मीटिंगला जाताना पुस्तक वाचून जा, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

प्रश्न : हाय ताई, मला मराठी बोलता येतं पण लिहायला त्रास होतो म्हणून हे आजी टाइप करतेय. आमच्या क्लासमध्ये सॉक्रॅटिक सेमिनार असतो, गोल बसायचं आणि बोलायचं, त्याची ग्रेड असते. गॅट्सबीमध्ये टॉम व्हाइट रेस संपणार वगैरे बोलतो तो पार्ट आला की सगळे माझ्याकडे बघतात कारण मी एकटीच ब्राऊन आहे. मला कळत नाही मी काय बोलू. आणि वुल्फशाईमचं जे वर्णन आहे ते तर लेखकच करतो ना, टॉम नाही. ते वाचून मला पुस्तकच आवडेनासं झालं. आवडलं नाही असं लिहिलं तर ग्रेड जाईल का? — ओहायोमधली अकरावीतली मुलगी

उत्तर : आधी तुझ्या आजीला नमस्कार सांग.

तुझ्याकडे बघणाऱ्यांचं काय करायचं, तर काहीच नाही. तू तिथे विद्यार्थिनी म्हणून बसलीयेस, सगळ्या ब्राऊन लोकांची वकील म्हणून नाही. तो पार्ट सुरू असताना गप्प बसायचं असेल तर बस आणि दुसऱ्या पॉइंटवर बोल, ग्रेडला तेवढं पुरतं. दर वेळी सगळे वळून बघतच असतील तर टीचरला वर्ग सुटल्यावर सांग, चांगली टीचर पुढच्या सेमिनारला प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडेल.

पण बोलायचंच असेल तर तुला दारूगोळा देते. टॉम ज्या पुस्तकाचा हवाला देतो, कुणा गोडार्डचं, ते फिट्झजेराल्डने बनवलेलं नाव आहे, पण मागे खरं पुस्तक आहे. लोथ्रोप स्टॉडर्ड नावाच्या लेखकाचं, १९२० सालचं, गोऱ्यांच्या जगावर इतर वर्णांची लाट चढून येतेय अशा अर्थाचं नाव असलेलं. ते छापलं होतं स्क्रिब्नर्सने, म्हणजे त्याच प्रकाशकाने, ज्याने पाच वर्षांनी गॅट्सबी छापली! टॉम हा वेडगळ माणूस जेवणाच्या टेबलावर बरळतोय असं आपल्याला वाटतं, पण तेव्हा हे विचार चांगल्या कागदावर छापून येत होते आणि त्यावरून कायदे होत होते. भगतसिंग थिंद हा पंजाबी माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, त्याने नागरिकत्व मागितलं, आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने व्हाइट नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. मग १९२४ मध्ये इमिग्रेशनचा कडक कायदा आला. गोष्ट १९२२ ची, पुस्तक १९२५ चं, आणि हे दोन्ही बरोब्बर मधे. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता उघडला तो १९४६ मध्ये, आणि तोही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्याने. म्हणजे टॉमच्या त्या बडबडीच्या पलीकडच्या बाजूला आपली माणसं उभी होती, फक्त पुस्तकात दिसत नाहीत. हे तू सेमिनारमध्ये दोन मिनिटांत सांगितलंस तर मग बघूदेत तुझ्याकडे खुशाल.

वुल्फशाईमबद्दल तू जे म्हणतेस ते अगदी नेमकं आहे. टॉमला लेखक हसतो, पण वुल्फशाईमचं नाक, त्याचे उच्चार, माणसाच्या दाढांची कफलिंक्स, हे ज्यू माणसाचं ठरावीक विद्रूप चित्र आहे आणि ते गोष्ट सांगणाऱ्या निकच्या तोंडून येतं. काहीजण म्हणतात हा निकचा दोष, लेखकाचा नाही. मला ते पूर्ण पटत नाही, कारण पुस्तकात त्याला उत्तर देणारं कुणीच नाही. तुला वेगळं वाटू शकतं. पण बघ, टॉमचा वंशवाद पुस्तक पकडतं आणि निकचा सोडून देतं, हे वाक्य तुझ्या पत्रात जवळजवळ होतंच, यावर पेपर लिही. आवडलं नाही एवढंच लिहिलंस तर ग्रेड जाईल, का आवडलं नाही ते पानांच्या नंबरसकट लिहिलंस तर कशाला जाईल?

प्रश्न : पुस्तकाऐवजी पिक्चर बघून टेस्ट देता येईल का? माझ्या भाच्यासाठी विचारतोय. — एक मामा

उत्तर : भाच्यासाठीच ना, बरं. नाही. १९७४ चा रॉबर्ट रेडफर्डचा आहे, २०१३ चा लिओनार्डो डिकॅप्रिओचा आहे, दुसऱ्यात आपले अमिताभ बच्चन वुल्फशाईम झालेत, तेवढ्यासाठी जरूर बघा. पण त्यात निक सॅनिटोरियममध्ये डॉक्टरच्या सांगण्यावरून ही गोष्ट लिहितो असं दाखवलंय आणि पुस्तकात सॅनिटोरियमचा पत्ताही नाही. टीचर लोक क्विझमध्ये मुद्दाम असलाच प्रश्न टाकतात. पुस्तक वाचून झाल्यावर पिक्चर बघावा, म्हणजे काय काय बदललंय ते त्याला आपोआप दिसेल आणि एखादा निबंधही त्यातून निघेल.

प्रश्न : ताई, मी सहा महिन्यांसाठी सिअॅटलला मुलीकडे आलोय. नातू गॅट्सबी वाचतोय, मलाही त्याच्याबरोबर वाचावंसं वाटतं, पण इंग्रजी कादंबरीची सवय गेली. कुठून मिळवू, कसं वाचू? नातवाशी काय बोलू? — एक आजोबा

उत्तर : आजोबा, विकत घ्यायची गरज नाही. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत याचा कॉपीराइट संपलाय, नेटवर कायदेशीर फुकट मिळतं, टॅब्लेटवर अक्षर हवं तेवढं मोठं करा. नाहीतर मुलीच्या लायब्ररी कार्डावर ऑडिओबुक घ्या आणि ऐकता ऐकता पानावर डोळे ठेवा, लांब वाक्यं आवाजात चटकन उलगडतात. पहिली तीनचार पानं जड आहेत, निक स्वतःबद्दल बोलत बसतो, तिथे कंटाळून सोडू नका, टॉमच्या घरी जेवायला पोचला की गाडी सुटते. रोज अर्धं प्रकरण पुरे.

नातवाला अर्थ समजावायला जाऊ नका, त्यालाच विचारा, हा निक खरं बोलतोय का रे? मग तो तासभर बोलेल, मुलांना खोटं पकडायला फार आवडतं. आणि शेवटच्या प्रकरणात गॅट्सबीचे वडील येतात, ते मुलाच्या लहानपणच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावरचं टाइमटेबल दाखवतात. सकाळी सहाला उठणे, मग डंबेल्स, मग इलेक्ट्रिसिटीचा अभ्यास, संध्याकाळी बोलण्याची प्रॅक्टिस, आठवड्याला एक चांगलं पुस्तक वाचणे, आठवड्याला ५ डॉलर्स वाचवणे, ते खोडून ३ केलेत, आईवडिलांशी नीट वागणे. तुम्हाला ते वाचून लगेच नातवाला दाखवावंसं वाटेल, माझ्या ओळखीच्या प्रत्येक आजोबांना वाटतं. दाखवा, पण आदर्श म्हणून नको, कारण ज्याने ते लिहिलं तो पुढे काय धंदा करत होता हे तोवर नातवाने वाचलेलं असेल, आणि त्या यादीत आंघोळ दिवसाआड आहे हे तो तुम्हाला पहिल्यांदा दाखवेल.